चार नावांचं बूच

शोध कुणी लावला ते लिहिण्यासाठी आमच्या फॉर्मवर सात ओळी होत्या. पहिल्यांदा तो फॉर्म हातात आला तेव्हा मला वाटलं, छापताना चुकून जास्त पडल्या असतील. चार वर्षं त्या कार्यालयात काढल्यावर सांगते, त्या कमी पडायच्या. लोक समासात नावं लिहायचे. एका कॉलेजानं वेगळा कागद टाचून पाठवला होता. शोध होता हजेरी घेणाऱ्या खुर्चीचा आणि शोधक होते अकरा. खुर्चीवर बसू शकणारा एक.

म्हैसूरच्या एका सरकारी विद्यापीठाच्या संशोधन आणि नवोन्मेष विभागात मी प्रकल्प सहायक होते. ‘नवोन्मेष’ हा शब्द नोकरी लागेपर्यंत मला माहीत नव्हता. आमच्या घरी मराठी बोलतात, पण ती कन्नडात भिजलेली. पणजोबांच्याही आधीपासून आम्ही इथलेच. बाबांचं नजरबादला शिंपीकामाचं दुकान आहे. दहावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिली. एमएस्सीला प्रवेश मिळाला त्या दिवशी बाबांनी मशीन थांबवलं आणि म्हणाले, “पोरी, तिथं सगळे शिकलेले असतात. सुम्ने मध्ये बोलू नको. ऐकून घे, अष्टे.” सुम्ने म्हणजे उगाच, आणि अष्टे म्हणजे बास, एवढंच. मी ते फार मनापासून पाळलं. पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्या पाळण्यामुळे घडलं, म्हणून आधीच कबूल करून ठेवते.

विभागाच्या प्रमुखाला संचालक म्हणतात. आमच्या संचालकांचं नाव मी लिहीत नाही. ते पुरेशा ठिकाणी लिहिलेलं आहे. दारावरच्या पाटीवर, जिन्यातल्या संगमरवरी दगडावर, पाण्याच्या कूलरवर आणि बाहेरच्या चार कुंड्यांवरही. ते वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून आले, जयलक्ष्मीपुरमला राहतात. माझा अर्ज पाहून मुलाखतीत एकदम मराठीत म्हणाले, “अरे वा! आपल्यातल्याच तुम्ही!” मग माझं उत्तर ऐकून थोडे थांबले आणि हसून म्हणाले, “गोड आहे हो तुमची मराठी. मराठी वाटत नाही, पण गोड आहे.” नोकरी मिळाली. चहा सांगायचा असला की ते मराठीत सांगायचे, कारण मी आपल्यातली होते. बैठकीत मात्र इंग्रजी.

आमचं काम काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगणं सोपं आहे. विद्यापीठात आणि त्याच्या संलग्न कॉलेजांत कुणी काही नवं शोधलं, तर त्यानं आमच्याकडे फॉर्म भरायचा. ते खरंच नवं आहे का हे आम्ही पाहायचं, वकिलाकडून अर्ज लिहून घ्यायचा आणि पेटंटच्या कार्यालयाकडे पाठवायचा. पेटंट म्हणजे, ही वस्तू अमक्यानं शोधली आणि काही वर्षं ती त्याला विचारल्याशिवाय कुणी बनवायची नाही, असं सरकारनं दिलेलं लिखित वचन. काम चांगलं आहे. मन लावून केलं तर देशाच्या उपयोगी पडेल असं आहे. मी ते मन लावून करायचं ठरवलं होतं. आज हे वाक्य लिहिताना मला जरा लाज वाटते.

कारण विद्यापीठाला शोध नको होते, शोधांचा आकडा हवा होता. दरवर्षी अहवाल जायचा आणि त्यात ‘अर्ज दाखल’ असा एक रकाना होता. तो भरला की झालं. मग लोक काय करायचे? डब्याचं चित्र काढायचे. डब्याला एक वायर जोडायचे आणि वर लिहायचे ‘शेतकऱ्यांसाठी स्मार्ट उपकरण’. डबा कुणी बनवायचा नाही. चित्रातल्या आकाराची नोंदणी व्हायची, त्यावर सात प्राध्यापकांची नावं यायची आणि सातही जण बढतीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र जोडायचे. एकदा मी एका प्राध्यापकांना विचारलं, “सार, हे आतून चालतं कसं?” ते म्हणाले, “आतून म्हणजे?” त्यांनी तो प्रश्न खरंच पहिल्यांदा ऐकला होता.

प्रत्येक कॉलेजात ‘नवोन्मेष केंद्र’ हवं असा आदेश निघाला आणि मला पाहणीला पाठवलं. एका तालुक्याच्या गावी केंद्राच्या खोलीत निळा सोफा होता, भिंतीवर विजेच्या दिव्याचं मोठं चित्र होतं आणि कोपऱ्यात थ्रीडी प्रिंटर. प्रिंटरवर प्लास्टिकचं कव्हर तसंच होतं. कव्हरवर हळदकुंकवाचे थर. मी मोजले, तीन होते.

“दर आयुधपूजेला करतो, मेडम,” प्राचार्य अभिमानानं म्हणाले. “एक वर्ष चुकवलं नाही.”

“आणि चालवता कधी?”

“उद्घाटनाला चालवला की! छोटा गणपती काढला.” तो गणपती प्रिंटरच्याच वर ठेवलेला होता. म्हणजे यंत्रानं एक देव काढला आणि मग ते स्वतःच देव झालं. मी अहवालात ‘केंद्र कार्यरत’ असं लिहिलं. तसं लिहायचं असतं असं मला सांगण्यात आलं होतं.

शहरातल्या विजयनगर भागातून दर सोमवारी एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे. त्यांनी विजेशिवाय कायम फिरणारं चाक शोधलं होतं. ते फिरत नव्हतं, पण फिरेल अशी त्यांची खात्री होती. संचालकांना त्यांची कटकट नको होती, म्हणून एका सोमवारी त्यांना कौतुकाचं प्रमाणपत्र देऊन टाकलं. पुढच्या सोमवारी ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून हजर. “आता पुढची पायरी काय?” त्यांच्यावर सगळे हसायचे, मीही हसले आहे. पण त्यांचं चाक त्यांनी स्वतः रंध्यानं तासून केलेलं होतं आणि फॉर्मवर एकच नाव होतं. त्या कार्यालयात आलेल्या फॉर्मांत असे दोनच होते. दुसरा फॉर्म नंजुंडय्यांचा.

ते विद्यापीठाचे ग्लासब्लोअर होते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जी काचेची विचित्र आकाराची भांडी असतात, ती सगळीच दुकानात मिळत नाहीत. काही हातानं करावी लागतात. काचेची नळी ज्योतीवर धरून, फिरवत, तोंडानं फुंकून. इमारतीच्या मागे पत्र्याच्या छपराखाली त्यांची कार्यशाळा होती. सगळे त्यांना नंजुंडण्णा म्हणायचे. शिक्षण आठवीपर्यंत. बोलणं सगळं कन्नडात, मी ते मराठीत लिहिते आहे. छत्तीस वर्षं त्यांनी इथल्या प्रत्येक प्रबंधासाठी भांडी केली. त्या प्रबंधांच्या शेवटी आभार असत, ‘ग्लासब्लोइंग विभागाचे’. त्या विभागात ते एकटे होते.

माझी त्यांची ओळख माझ्या रक्तामुळे झाली. याच विद्यापीठात एमएस्सीच्या पहिल्या वर्षी चंबूचं काचेचं बूच अडकलं. घासलेल्या काचेची बुचं असतात, ती हवा जाऊ नये म्हणून इतकी घट्ट बसतात की कधी कधी निघतच नाहीत. मग विद्यार्थी ती गरम करतात, टेबलाच्या कडेवर ठोकतात, फडक्यात धरून पिळतात. मी पिळलं. चंबूची मान तुटली आणि डाव्या तळव्यात घुसली. पाच टाके पडले. घरी गेल्यावर बाबांनी पट्टी सोडून बघितलं आणि म्हणाले, “टाके लांब घातलेत.” दुसऱ्या दिवशी मी तुटलेला चंबू घेऊन नंजुंडण्णांकडे गेले. मला वाटलं होतं, ते रागावतील. त्यांनी चंबू बाजूला ठेवला आणि माझा हात ज्योतीच्या उजेडात धरून बघितला.

“दर वर्षी एक-दोन हात,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी एका मुलीची शीर थोडक्यात वाचली. आणि काच फुटली म्हणून दंड तुम्हालाच.”

पुढे चार वर्षांनी, मला विभागात नोकरीला लागून दोन वर्षं झाल्यावर, त्यांनी मला बोलावून घेतलं. हातात एक चंबू दिला. “काढा बूच.” मी ओढलं, निघेना. “ओढू नका. फिरवा.” मी फिरवलं. अगदी हलकी कट्ट अशी जाणीव झाली आणि बूच केसभर वर उचललं गेलं. मग ते दोन बोटांनी निघालं.

काय केलं होतं सांगते. चंबूच्या मानेला बाहेरून काचेचा एक गोल काठ दिला होता, पण तो सपाट नव्हता, एका बाजूनं हळूहळू चढत जाणारा होता. बुचाला एक छोटा कान होता. बूच फिरवलं की कान त्या चढावर चढायचा आणि बूच आपोआप वर उचलायचा. बास. वायर नाही, स्मार्ट काही नाही. पाहताक्षणी कळतं, आणि पाहिल्यावर वाटतं की हे इतकी वर्षं कुणाला कसं सुचलं नाही. मी तीन आठवडे शोधलं, सगळीकडे शोधलं. कुणाला सुचलेलं नव्हतं.

मी फॉर्म भरला. पहिल्या ओळीवर त्यांचं नाव लिहिलं. ते म्हणाले, “आधी एम. घाला. एम. म्हणजे माझं गाव. नुसतं नंजुंडय्या लिहिलंत तर म्हैसुरातले अर्धे लोक उठून उभे राहतील.” मग त्यांनी विचारलं, “मी पुढच्या वर्षी रिटायर होतो. त्याआधी कागद येईल? बर्नरच्या वर लावतो. इथून जे जे बाहेर गेलं ते दुसऱ्यांच्या नावानं छापून आलं. मला वाईट वाटत नाही. पण हे एक माझ्या नावानं असू दे.”

मी म्हटलं, येईल.

संचालकांनी फॉर्म उलटून पालटून पाहिला.

“हे काय? एकच नाव?”

“सर, त्यांनी एकट्यानंच केलंय.”

“अहो, एकटा माणूस काही करत नसतो. जागा कुणाची? गॅस कुणाचा? काच कुणाची?”

“विद्यापीठाची, सर.”

“मग? विद्यापीठ म्हणजे कोण?”

त्यांनी पेन काढलं आणि विद्यापीठ म्हणजे कोण ते पहिल्या ओळीवरच, नंजुंडय्यांच्या नावाच्या डोक्यावर, लिहिलं. दुसऱ्या ओळीवर रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आले, कारण कार्यशाळा त्यांच्या इमारतीच्या मागे होती. तिसऱ्यावर अधिष्ठाता आले, कारण ते वगळले तर रागावतात. आणि नंजुंडय्यांच्या नावावर त्यांनी आडवी रेघ मारली. “यांना आभारात घेऊ.”

माझ्या चार वर्षांच्या नोकरीत मी एकदाच कामी येईल असं बोलले, ते इथे. शूरपणे नव्हे. मी म्हटलं, “सर, चुकत असेन तर सांगा, पण वकील विचारतील, काठाचा चढ किती ठेवला, कान जोडताना काच तडकू नये म्हणून काय केलं. ते सांगायला कुणीतरी लागेल.” संचालकांनी तिन्ही नावांकडे पाहिलं. तिघांपैकी कुणी आयुष्यात काच फुंकलेली नव्हती. मग नंजुंडय्या चौथ्या ओळीवर परत आले.

मी जाऊन सांगितलं तेव्हा नंजुंडण्णा हसले. “चौथा तर चौथा. एम. राहिलं ना?”

आता पेटंटचा एक नियम सांगायलाच हवा, सगळं त्याच्यावर उभं आहे. वस्तू नवी हवी, आणि नवी म्हणजे अर्ज दाखल होतो त्या दिवसापर्यंत जगानं न पाहिलेली. तुम्ही स्वतःच ती आधी चारचौघांत दाखवलीत किंवा छापलीत, तर ती जगाला कळली. मग तुमचाच शोध तुमच्यासाठीही जुना होतो. म्हणून आधी अर्ज, नंतर भाषण. संशोधकांसाठी मी याची एक पुस्तिका लिहिली होती. पहिल्याच पानावर जाड अक्षरांत होतं, ‘अर्ज दाखल होईपर्यंत शोध कुणालाही दाखवू नये.’ पुस्तिकेवर लेखक म्हणून संचालकांचं नाव होतं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं, की आता लोक वाचतील.

बुचाचा अर्ज लिहून तयार झाला. नंजुंडय्यांनी पहिल्याच दिवशी सही केली, विभागप्रमुखांनी आणि अधिष्ठात्यांनी दोन दिवसांत केली. राहिली संचालकांची. फाइल त्यांच्या टेबलावर निमंत्रणपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली होती, कारण विद्यापीठाचा नवोन्मेष उत्सव आला होता.

उत्सव, उद्घाटन, सत्कार हेच खरं आमच्या विभागाचं काम होतं. एक मोठं स्टीलचं कपाट होतं, मी आधी समजत होते फायलींचं असेल. त्यात म्हैसुरी पेटे, म्हणजे फेटे होते, जरीचे, तुरा लावलेले, तयार बांधलेले. खालच्या कप्प्यात शाली आणि चंदनाचे हार. मुख्य पाहुणे बंगळूरहून यायचे होते आणि त्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. डब्यांची चित्रं होती, पण चित्र हातात धरून फिरवता येत नाही. बूच येतं.

कार्यक्रमाच्या सकाळी मी संचालकांच्या दारात उभी राहिले. ते आरशासमोर पेटा बसवून पाहत होते.

“सर, एक विचारू? ती फाइल… सही झाली असती तर आजच अर्ज गेला असता.”

“उद्या करतो.”

“पण आज बूच दाखवलं तर…”

“कुणाला दाखवतोय आपण? आपला हॉल, आपली माणसं. घरात दाखवलं म्हणजे काय जगाला दाखवलं?”

“वर्तमानपत्रवाले येणार आहेत, सर.”

“येणारच! मी बोलावलंय त्यांना.”

“पण पुस्तिकेत लिहिलंय की…”

“कुठल्या पुस्तिकेत?”

“तुमच्या, सर.”

ते मनापासून हसले. “अहो, ती संशोधकांसाठी आहे!”

मी म्हटलं, “बरं, सर.” हे दोन शब्द मी आजवर किती वेळा मनात परत उच्चारले असतील.

हॉलमध्ये प्रत्येक खुर्चीवर एक पिशवी ठेवली होती. पिशवीत पेन, पाण्याची बाटली आणि माझी पुस्तिका. म्हणजे ‘कुणालाही दाखवू नये’ हे जाड अक्षरांत मांडीवर घेऊन शे-दोनशे माणसं बसली होती आणि समोर व्यासपीठावर ते दाखवणं चाललं होतं. नंजुंडण्णांना ट्रे धरायला बोलावलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते आले होते. ट्रेवर मखमलीचं कापड आणि त्यावर चंबू. “आमचे एक कर्मचारी,” अशी त्यांची ओळख करून दिली गेली. संचालकांनी पेटा सावरत चंबू उचलला, बूच फिरवलं, काढलं. टाळ्या झाल्या. फोटोग्राफर ओरडला, “सार, इन्नोम्मे! परत एकदा, इकडे बघून!” संचालकांनी परत एकदा केलं. मग मुख्य पाहुण्यांनी केलं. मग दोघांनी मिळून केलं. चढता काठ कॅमेऱ्यात नीट यावा म्हणून चंबू तिरका धरला. त्या दिवशी संचालकांनी केलेलं तेवढं एकच काम बारकाईनं केलेलं होतं.

सही पाच दिवसांनी झाली. वकिलानं पाठवलेल्या फॉर्मवर एक प्रश्न होता, ‘हा शोध यापूर्वी कुठे प्रदर्शित वा प्रसिद्ध झाला आहे का?’ होय आणि नाही असे दोन चौकोन. मी तो रिकामा ठेवून फॉर्म आत नेला.

“‘नाही’ करा,” संचालक म्हणाले.

“सर, फोटो छापून आलाय.”

“तो कार्यक्रमाचा फोटो आहे. बुचाचा नाही.”

मी ‘नाही’वर टिक केली. पेन माझं होतं. आजही कुठल्याशा फायलीत ती टिक असेल, आणि ती माझ्या हातची आहे.

वर्षभरानं तपासणी अधिकाऱ्याचं पत्र आलं. शोध नवा नाही, कारण तो अर्जाच्या आधीच प्रसिद्ध झाला आहे. पुरावा म्हणून सोबत जोडलं होतं आमच्याच विद्यापीठाच्या वार्तापत्राचं पहिलं पान. पेटा घातलेले संचालक, तिरका चंबू, कान आणि काठ स्वच्छ दिसणारे. एवढी स्पष्ट आकृती आमच्या अर्जातसुद्धा नव्हती.

“पण फोटोत मीच आहे!” संचालक म्हणाले. “माझाच शोध मीच दाखवला, तर बिघडलं कुठे?” मग म्हणाले, “एवढ्या जवळून फोटो काढायला कुणी सांगितलं?” आणि एक चौकशी समिती नेमली. समितीवर तीन जण होते, फॉर्मवरच्या पहिल्या तीन ओळी. समितीनं दोन बैठका घेतल्या, काजू खाल्ले आणि ‘समन्वयाचा अभाव’ असा निष्कर्ष काढला. पत्राला उत्तर देण्याची मुदत होती. उत्तर काय द्यायचं ते कुणाला सुचलं नाही आणि मुदत निघून गेली. वार्षिक अहवालात मात्र बूच ‘अर्ज दाखल’ या रकान्यात आहे. नाकारलेल्यांसाठी रकानाच नाही.

पत्र आलं त्या दिवशी मी घरी न जाता बाबांच्या दुकानात गेले. सगळं सांगितलं. ते काज करत होते, सुई थांबवली नाही.

“त्या माणसाला सांगितलंस?”

“अजून नाही.”

“आणि साहेबाला, त्या सकाळी? जोरात सांगितलंस?”

मी म्हटलं, “तुम्हीच म्हणाला होतात ना बाबा, मध्ये बोलू नको म्हणून.”

आता सुई थांबली. “सुम्ने बोलू नको म्हटलं होतं. हे सुम्ने होतं का?”

नंजुंडण्णा तेव्हा निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. विजयनगरच्या पलीकडे, जिथे लेआउट, म्हणजे आखीव वसाहत, संपून मोकळे प्लॉट लागतात तिथे त्यांचं छोटं घर आहे. त्यांच्या बायकोनं कॉफी दिली. मी पिशवीतून दोन कागद काढले. एक, अर्ज जाहीर झाल्याचं सरकारी पान, ज्यावर चारही नावं छापलेली होती. दुसरं, अधिकाऱ्याचं पत्र. मी भित्री, मी आधी चांगला कागद दिला. त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं लावत बोट तीन नावांवरून खाली आलं आणि चौथ्यावर थांबलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “एम. पण आहे.” बायकोलाही दाखवलं. मग दुसऱ्या कागदाकडे बघून विचारलं, “आणि हे?”

मी सांगितलं. नियम सांगितला, उत्सव सांगितला, टिकही सांगितली. ते ऐकत होते.

“म्हणजे दाखवलं म्हणून गेलं?”

“हो.”

“तुम्हाला हे त्या दिवशी माहीत होतं?”

“होतं. मी सकाळी संचालकांना सांगायला गेले होते. त्यांनी ऐकलं नाही.”

“त्यांना सांगितलंत,” ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. “मेडम, ट्रे माझ्या हातात होता. मला सांगायचं होतंत. मी पाडला असता.”

संचालक, विभागप्रमुख, अधिष्ठाता यांना मी किती नावं ठेवली आहेत, या लेखातही ठेवली, आणि ती त्यांना शोभतात. पण शोध वाचवायचा तर ज्याचा शोध आहे त्याला जाऊन सांगावं, हे मलाही सुचलं नव्हतं. तो सगळा वेळ मीसुद्धा पहिल्या ओळीकडेच बघत होते. हॉलच्या मागच्या दारापासून ट्रेपर्यंत वीस पावलं असतील. एक वाक्य कानात सांगायचं होतं, तेही कन्नडात, जे मला संचालकांच्या मराठीपेक्षा कितीतरी चांगलं येतं.

निघताना त्यांनी चांगला कागद ठेवून घेतला. दुसरा मला परत दिला.

वर्षाअखेर मी ती नोकरी सोडली. आता एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत कानाची बारा बुचं आहेत. नंजुंडण्णांनी घराच्या मागे बर्नर बसवला आहे, तिथे ती झाली. या दोन वर्षांत एकाही मुलीचा हात कापलेला नाही.

दिवाळी अंकासाठी लिहिते आहे हे संचालकांना कुठून तरी कळलं. मध्यंतरी एका लग्नात भेटले. “अरे वा, लिहा की! विभागाबद्दल चांगलं लिहा. आणि आमचं नाव नीट लिहा हं, लोक चुकवतात.”

पेटंट नाही, म्हणजे ते बूच आता कुणालाही बनवता येतं, विचारायची गरज नाही. कसं बनवायचं ते मी वर लिहिलं आहेच, कुणी काचकाम करणारा वाचत असेल तर त्यानं खुशाल बनवावं. फक्त कान जोडल्यावर घाई करू नये. काच भट्टीत सावकाश थंड होऊ द्यावी, नाहीतर जोडाशी तडकते. हे मला शोधकानं सांगितलं आहे. आणि कुणी विचारलं की हे कुणी शोधलं, तर उत्तर इथे छापून ठेवते आहे. एम. नंजुंडय्या.

सातपैकी एक ओळ भरली. बाकीच्या सहा मी रिकाम्या ठेवल्या आहेत.